मागच्या काकांना दिवा लावायला सांगा

मागच्या हिवाळ्यात सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर मी एक साधा प्रश्न टाकला होता. पहाटेच्या अंधारात रोज आठ किलोमीटर जायचं असतं, मागचा लाल दिवा भरवशाचा कुठला, एक आहे, पण मला आणखी एक हवाय. उत्तरं भरपूर आली. त्यात एकाने विचारलं, "मॅडम, सायकल एक, मग मागचे दिवे दोन कशाला?" मी उत्तर दिलं नाही. तिथे देण्यासारखं नव्हतंच ते. इथे देते.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी कुठल्या जातीची माणूस आहे ते कळेल. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. माणसाचं रक्त बाहेर काढून, गाळून परत आत सोडणारी मशीन मी सतरा वर्षं चालवतेय. प्रेशर, फ्लो, तापमान... आकडा दिसला की माझा विश्वास, नाही दिसला की नाही. हॉस्पिटलमध्ये आया-मावश्या काय काय सांगतात — लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते, अमुक बेडवर कोणी टिकत नाही. मी म्हणायचे, "वायर लूज असेल." माझ्या मागे मला तेच नाव पडलं होतं, वायर-लूज मॅडम.

तर मी मुलुंड पूर्वेला राहते, नवघरच्या बाजूला. हॉस्पिटल विक्रोळीत, हायवेपासून जरा आत. पहिली बॅच साडेसहाला लागते, त्याआधी सगळी मशीन धुऊन, तपासून तयार ठेवायची असतात. म्हणून मी पाच-पाचला घर सोडते. लॉकडाऊनमध्ये दुसरं काही चालू नव्हतं तेव्हा सायकल धरली, ती सुटलीच नाही. ऐरोलीच्या फाट्यापुढे सर्व्हिस रोडला लागलं की डावीकडे मिठागरं. तिथले दिव्याचे खांब महिन्यातले निम्मे दिवस बंद. खाऱ्या चिखलाचा वास, उजव्या हाताला हायवेवरून जाणारे ट्रेलर, आणि मी. मग भांडुप, कांजूर, विक्रोळी. पाच-चाळीसला मी गेटवर.

घरी आई, बाबा आणि मी. बाबा विक्रोळीच्याच एका कारखान्यात फिटर होते. एकतीस वर्षं. तेव्हा आम्ही भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचो आणि बाबा पहिल्या पाळीला सायकलने जायचे. थंडी असो, काही असो, खाकी पँट आणि तपकिरी माकडटोपी. रिटायर झाले तेव्हा सायकल गावच्या चुलत्याला देऊन टाकली. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यात जमा. हॉलमध्ये भाड्याने आणलेला लोखंडी बेड, त्यावर बाबा. दिवसाला चार-पाच शब्द. पाणी. नको. बरा. मला मात्र ते "बाय" म्हणायचे. आमच्या मालवणात लेकीला म्हणतात तसं. तो शब्द लकव्यानेसुद्धा गेला नव्हता.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझा मागचा दिवा म्हणजे रबरी पट्ट्याने बांधायचं ते बटण-सेलचं खेळणं होतं. एका पहाटे तो कधी विझला मला कळलंच नाही. मिठागरांजवळ एक भाजीचा टेम्पो इतका खेटून गेला की त्याच्या आरशाने माझी सॅक ओढली आणि मी मातीत गेले. कोपर सोललं, बाकी काही नाही. संध्याकाळी घरी आईला सांगत होते — दिवा विझला होता गं, त्याला मी दिसलेच नाही. बाबा बेडवरून बघत होते. त्यांची चांगली बाजू, डावा हात, चादरीवर मूठ वळत होता.

मी दिवा बदलला. मुलुंडला आमच्याकडे जिग्नेशभाईंचं सायकलचं दुकान आहे. ते म्हणाले, "मॅडम, पुढचा दिवा तुम्हाला रस्ता दिसायला, मागचा तुम्ही लोकांना दिसायला. भलतीकडे काटकसर करू नका." त्यांनीच शिकवलं — लुकलुक करणारा मोड छान वाटतो, पण पाठीमागच्या ड्रायव्हरला अंतर कळत नाही. स्थिर लावायचा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसतं का बघायचं. डब्यावर लिहिलेले तास खरे धरायचे नाहीत, आपण घरी लावून घड्याळ बघायचं. मी तसंच केलं. माझ्या स्वभावाला ते पटलं.

नवीन दिवा लावून आठवडाभर झाला असेल. कांजूरच्या पुलाखाली एक पवारमामा सायकलला स्टीलची टाकी बांधून चहा विकतात. साताऱ्याकडचे. मी तिथे दोन मिनिटं थांबते, कटिंग घेते. त्या दिवशी ग्लास हातात देत ते म्हणाले, "ताई, तुमचा दिवा बेस दिसतो आता. पण मागच्या काकांना पण सांगा की लावायला."

"कुठले काका?"

"अहो, तुमच्या बरोबर येतात ते. टोपीवाले. तिकडंच थांबतात, खांबापाशी. चहाला बोलवा की त्यांना."

मी वळून बघितलं. खांब होता. म्हटलं असेल कोणी, कंपनीत जाणारा, माझ्या दिव्याच्या आधाराने येत असेल. अंधारात एकटा माणूस दुसऱ्याचा दिवा धरून चालतोच की. विसरूनही गेले.

चार दिवसांनी भांडुपच्या सिग्नलला दुधाचा टेम्पो शेजारी येऊन थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली आणि भडकूनच बोलला, "मॅडम, आपके बाबूजी को बोलो ना लाईट लगाने को! अभी ठुक जाता मेरे से. एकदम काला काला आता है पीछे से."

"मेरे साथ कोई नहीं है," मी म्हटलं.

त्याने आपल्या आरशात बघितलं, मग मान बाहेर काढून बघितलं. सिग्नल सुटला. तो काच वर करून निघून गेला.

खरं सांगते, मला तेव्हा भुताची भीती वाटली नाही. माणसाची वाटली. बाईमाणूस, एकटी, अंधार, आणि रोज मागे कोणी तरी बिनदिव्याचा... मी हँडलला आरसा बसवला. सॅकमध्ये शिट्टी ठेवली. आरशात रोज बघायचे. माझ्या दिव्याचा लाल उजेड रस्त्यावर सांडलेला दिसायचा, त्यामागे काळोख. एकदा अचानक ब्रेक मारून वळले, मोबाईलची बॅटरी लावली, ओरडले — "कोण आहे?" एक कुत्रं भुंकलं. तेवढंच.

हॉस्पिटलच्या गेटवर रात्रपाळीला कांबळेदादा असतात. मी त्यांना म्हटलं, दादा, माझ्या मागून कोणी सायकलवाला येतो का जरा लक्ष ठेवा. ते म्हणाले, "म्हणजे? ते तुमच्या घरचे नाहीत? मी तर रोज हात करतो त्यांना. तुम्ही आत गेलात की रस्त्यापलीकडे जरा वेळ उभे राहतात. एक पाय जमिनीवर टेकून. मग वळतात."

मी लगेच म्हटलं, कॅमेरा दाखवा.

कॅमेरा फक्त गेटपुरता. रस्त्यापलीकडचं त्यात येत नाही. आम्ही दोघांनी मागच्या तीन दिवसांचं बघितलं. मी येते, उतरते, कांबळेदादा मला हात करतात, मी आत जाते. मग ते रस्त्याकडे बघतात आणि परत हात वर करतात. तीनही दिवस. दुसऱ्यांदा हात वर करताना चेहऱ्यावर ओळखीचं हसू. आपणच स्वतःला असं रिकाम्या रस्त्याला हात करताना बघून कांबळेदादा खुर्चीत बसले. "पण मॅडम, होते ते," एवढंच म्हणाले. "आईशप्पथ होते."

घरी काही सांगितलं नव्हतं. आईला उगाच घोर कशाला. पण त्या रविवारी आईनेच विषय काढला. भाजी निवडत होती. हळूच म्हणाली, "मनू, एक सांगू? तू हसशील."

"बोल ना."

"ह्येंचे पाय हलतत. तू पहाटे भायेर पडलंस की सुरू होतत. झोपेतच. असे," तिने हवेत दोन्ही मुठी गोल फिरवल्या. "पावण तास. मगे थांबतत. घामान भिजान जातत. दिवाळीपासून चललाहा ह्यां."

"डावा पाय ना?"

"दोनय."

उजवा पाय दोन वर्षांत बोटभर हलला नव्हता. फिजिओथेरपीची मुलगी येऊन रोज तो उचलायची आणि तो लाकडासारखा परत पडायचा.

"आणि मी सुट्टीवर असले की?"

आईने जरा विचार केला. "नाय. रविवारी गाढ झोपतत."

मी उठून बाबांजवळ गेले. ते छताकडे बघत होते. विचारायची हिंमत नव्हती.

पण मी मशीनवाली बाई. मला आकडा हवा होता. मी आईला म्हटलं, उद्या घड्याळासमोर बस आणि पाय कधी सुरू होतात, कधी थांबतात ते कागदावर लिहून ठेव. यापलीकडे तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भांडुपच्या अलीकडे, जिथे मी कधीच थांबत नाही तिथे, एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात सायकल घातली आणि मुद्दाम उभी राहिले. पाच-एकवीस ते पाच-सत्तावीस. सहा मिनिटं. थंडीत दात वाजत होते. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी मला सारखं वाटत होतं की आपण कोणाला तरी ताटकळत ठेवलंय.

दुपारी घरी आले. आईचा कागद फ्रीजवर चुंबकाखाली होता. तिच्या गोल अक्षरात — सुरू पाच-सात. मध्येच थांबले पाच-एकवीस. परत सुरू पाच-सत्तावीस. बंद पावणेसहा.

मी तो कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. अजून आहे. परत एकदा करून बघायचं म्हणून तीन दिवसांनी थांबले, तर त्या दिवशी आईचा डोळा लागला. मग मीच नाद सोडला. एकदा कळलं ते पुरे होतं.

मग एका संध्याकाळी आई देवळात गेली होती. मी बाबांना पेज भरवत होते. चमचा तोंडाशी नेताना माझ्या तोंडून निघून गेलं — अगदी साध्या आवाजात, जेवलात का विचारावं तसं — "बाबा, दिवा का नाही लावत तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"डायनामो," ते म्हणाले. "डायनामो लावलो की पायडल जड जाता गो, बाय. झेपत नाय आता."

ज्यांनी जुन्या सायकली चालवल्यात त्यांना कळेल. टायरला घासणारी ती बाटलीसारखी डबी. दिवा लागायचा, पण पायाला ओझं यायचं. लकव्यानंतर बाबांनी एका दमात इतके शब्द कधी उच्चारले नव्हते. त्यांना रस्त्यावरचं कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी आईलासुद्धा नाही. माझ्या हातातून पेज सांडली आणि मी वाटी पुसायच्या निमित्ताने आत गेले. मोरीपाशी उभी राहून तोंडात ओढणी कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर प्रश्न टाकला तो हा. मागचा आणखी एक दिवा हवाय.

जिग्नेशभाईंनी सेलवर चालणारा एक जड, साधा लाल दिवा दिला. एकच मोड, स्थिर. म्हणाले, "हा दगडासारखा आहे, विझायचा नाही. पट्टा कुठला देऊ, सीटच्या दांड्याचा की कॅरियरचा?" मी म्हटलं, कॅरियरचा. घरी येऊन तो बाबांच्या बेडच्या पायथ्याच्या दांडीला बांधला. आई बघत राहिली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात असंच चालतं. पहाटे निघताना मी वाकून बटण दाबलं. चादरीवर लाल उजेड पसरला. बाबांचे डोळे मिटलेले होते.

कांजूरला पवारमामांनी मला चहा दिला, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाले, "हां! आज लावला काकांनी. बरं केलंत ताई, सांगितलंत. लांबूनच दिसले."

मी वळले. खांब. काळोख. मला काहीच दिसलं नाही. मी पूर्ण हिवाळ्यात एकदाही काही बघितलं नाही, हे इथे स्पष्टच लिहिते.

तरीसुद्धा... ते दिवस चांगले होते हो. विचित्र वाटेल, पण मला भीती वाटेनाशी झाली. मिठागरांजवळ मी मोठ्याने बोलायला लागले. बाबा, समोर खड्डा आहे. बाबा, आज ट्रेलर जास्त आहेत, कडेने या. लहानपणी ते माझ्याशी फारसे बोलले नव्हते. पाळी, ओव्हरटाईम, झोप. आता माझ्यामागे आठ किलोमीटर रोज होते.

जानेवारीच्या शेवटी त्यांना तपासायला नेलं. फिजिओची मुलगी आधीच चक्रावली होती — उजव्या पोटरीचा स्नायू परत कसा भरला म्हणून. डॉक्टरांना आईने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. अंधुक उजेडात चादर हलतेय, एवढंच दिसतं त्यात. ते म्हणाले, झोपेत असं होतं, मेंदूला मार बसल्यावर काहीही होऊ शकतं. मला पटण्यासारखं होतं. मग त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. "यांचं वजन किती उतरलंय! हार्ट थकलंय. यांना काय श्रम पडतात घरी?"

मी औषधांची चिठ्ठी घेऊन त्यांना घरी आणलं.

त्या रात्री मी ठरवलं, सायकल बंद. मी चालवली नाही तर ते येणार नाहीत. ओळखीच्या रिक्षावाल्याला पहाटेचं बांधून घेतलं. सायकल जिन्याखाली ठेवली, दोन्ही दिव्यांचे सेल आणि चार्जिंग मीच बघायचे ते सोडून दिलं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, शांत झोपले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पहाटेपासून जागे आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज घेतली नाही. चौथ्या दिवशी मी साडी सारखी करत दाराकडे गेले तर बेडवरून आवाज आला. बाबा डाव्या हाताने लोखंडी दांडीवर मारत होते. ठण, ठण, ठण. डोळ्यांतून पाणी. "पाळी," म्हणत होते. "पाळी चुकता."

मी आईला म्हटलं, "आई, त्यांना त्रास होतोय गं. डॉक्टर म्हणाले—"

आईने तोवर सगळं न सांगताच ताडलेलं होतं. कागदाचं, दिव्याचं. ती माझ्याकडे न बघता बाबांच्या कपाळावरून हात फिरवत होती. म्हणाली, "जाऊंदे तेंका. एकतीस वर्षां गेले, मी कधी थांबवलंय? निजान मरण्यापेक्षा..."

"पण मीच नेते ना त्यांना. माझ्यामुळे—"

"तू नाय नेत. ते जातत."

मी साडी बदलून सलवार घातली आणि जिन्याखालून सायकल काढली.

त्यानंतर तीन आठवडे. मी हळू चालवायचे. दहा मिनिटं लवकर निघायचे. चढाला उतरून ढकलायचे, म्हणजे त्यांनाही उतरता येईल. हे सगळं लिहिताना मला माहीत आहे की कोणी तरी म्हणणार, बाईचं डोकं ताणलं गेलं होतं. गेलं असेल. पण चहावाल्याचं काय, टेम्पोवाल्याचं काय, कांबळेदादांचं काय? त्यांच्या डोक्याला कसला ताण होता?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी गेटवर उतरले. कांबळेदादांनी मला हात केला, मग सवयीने रस्त्याकडे बघितलं आणि त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

"काय झालं?"

"थांबले नाहीत आज," ते म्हणाले. "सरळ गेले. जोरात." आणि त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं, जिथून वळलं की जुन्या कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. "मॅडम, हात केला त्यांनी. आजवर मीच करायचो. आज त्यांनी आधी केला."

मी सायकल तिथेच टाकली आणि रस्त्यावर धावत गेले. दोन्हीकडे बघितलं. एक पाण्याचा टँकर उभा होता. बाकी रस्ता मोकळा. तेवढ्यात फोन वाजला. आईचा. मी लगेच उचलला नाही. तीन-चार रिंग होईपर्यंत हातात धरून उभी राहिले, कारण उचलेपर्यंत ते खरं नव्हतं.

आई रडत नव्हती. म्हणाली, "ये घरी. दमाने ये."

पुढचं सगळं सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं. गावाहून माणसं आली. बाराव्याला पवारमामा आले. त्या दिवशी घरी परतताना मी नुसतं सांगितलं होतं की वडील गेले, पंधरा दिवस येणार नाही. ते कोणाला तरी विचारत विचारत बिल्डिंगपर्यंत पोहोचले होते. धुतलेला शर्ट, हातात पार्ले बिस्किटांचा पुडा, काय आणावं न सुचल्यासारखा. दारातच उभे राहिले.

आतल्या खोलीत पाटावर बाबांचा फोटो होता, कारखान्यातल्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. हार घातलेला. उंबऱ्यावरून तो दिसत नव्हता, दोन पावलं पुढे यावं लागलं असतं. मी म्हटलं, "मामा, आत या ना. नमस्कार करा."

ते आले नाहीत. चप्पल काढून दारातच हात जोडले. मी परत म्हटलं तेव्हा हळू आवाजात बोलले, माझ्याच कानाला जाईल असं.

"नको ताई. मला जे दिसलं ते दिसलं. तुम्ही तिकडं सायकलवर बोलत यायच्या, तेबी मी ऐकलंय. आता मी फोटो बघायचा... आणि हे ते नसलेच तर? मग तुम्ही काय करणार, आणि मी काय करणार?"

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. आत आई पाहुण्यांना वाढत होती. मी विचार करत होते की दोन पावलं, फक्त दोन पावलं, आणि मला आकडा मिळेल. हो किंवा नाही. सतरा वर्षं मी तेच मागत आलेय.

याला स्पष्टीकरण काय, मला माहीत नाही. मी शोधतही नाही. मी त्यांच्या हातातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि आत या म्हणून पुन्हा आग्रह केला नाही.